रणजी हंगाम १९४८-४९ : धावांचे मानकरी

जळगाव-धुळ्याचे खेळाडू ज्या महाराष्ट्र संघासाठी खेळतात, त्या संघाच्या फलंदाजीचा एक भरघोस हंगाम १९४८-४९चा. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्यात ४९ चौकार आणि एक षटकार होता. कमल भांडारकर (२०५) यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असता काठियावाडने सामना सोडून दिला. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांनी दूर राहिला; त्याची हुरहूर लागणे रास्तच होते.

मार्च १९४९मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यात एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके निघाली. मुंबईकडून माधव मंत्री यांनी २०० धावा केल्या, तर उदय मर्चंट (१४३, १५६) आणि दत्तू फडकर (१३१, १६०) यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांनीही १३३ आणि १०० धावा करून तोच पराक्रम केला. मनोहर दातार यांनी १४३, शरद देवधर यांनी १४६ धावा काढल्या. मुंबई ३५४ धावांनी जिंकली.

निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही, हा त्यांच्यावरचा अन्यायच. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी मात्र आजही त्यांचीच आहे.