बोन मॅरोचा दाता कुठे शोधावा?

थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा कर्करोग किंवा अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया झालेल्या अनेक रुग्णांना बोन मॅरो प्रत्यारोपणाने पूर्ण बरे होता येते. त्यासाठी दात्याचा रक्तगट जुळायलाच हवा असे नाही, हे ऐकून नातेवाइकांना नवल वाटते. जुळावी लागते ती एचएलए ही पेशींवरची ओळख. तिची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा एकगठ्ठा पुढच्या पिढीत उतरतात, एक गठ्ठा आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यामुळे सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडे असली तर त्यांतले कुणीतरी जुळण्याची सुमारे ४४ टक्के. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलेल्या भारतातल्या पहिल्या प्रत्यारोपणात नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचाच मॅरो दिला होता. भावंड थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, निघाले तरी आईवडिलांनी खचू नये, ते दाता होऊ शकते.

भावंड जुळले नाही की काका, मावश्या, चुलतभावंडे, सगळे चाचणीसाठी पुढे येतात. प्रेमापोटीच येतात, पण त्यांच्यात पूर्ण जुळणारा दाता क्वचितच सापडतो आणि उपचाराचे पैसे चाचण्यांत जातात. अपवाद नात्यातल्या लग्नांचा. कर्नाटकात मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्ने होत आली आहेत. अशा घरांत कधी कधी आई किंवा वडीलही पूर्ण जुळतात. म्हणून डॉक्टरांना नाते मोकळेपणाने सांगावे. बेंगळुरूची संकल्प इंडिया फाउंडेशन ही संस्था थॅलेसेमियाच्या मुलांची आणि त्यांच्या भावंडांची एचएलए चाचणी शिबिरांतून विनामूल्य करून देते.

घरात कुणी नसेल, तर रुग्णालयामार्फत दात्यांच्या नोंदणीत शोध घेतला जातो. जगभरात चार कोटींहून अधिक नोंदलेले दाते आहेत, पण एचएलएचे नमुने वंशागणिक बदलतात आणि त्यांत भारतीय फार थोडे. चेन्नईची ‘दात्री’ २००९ पासून, तर जर्मनीची डीकेएमएस आणि बँगलोर मेडिकल सर्व्हिसेस ट्रस्ट यांनी मिळून उभी केलेली बेंगळुरूची डीकेएमएस फाउंडेशन इंडिया २०१९ पासून हे काम करते. नोंदणीला सुई लागत नाही: कापसाचा बोळा असलेली काडी गालाच्या आतून फिरवायची आणि पाकिटात घालून द्यायची.

प्रत्यक्ष दान बहुतेक वेळा रक्तातूनच होते. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. त्याने मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत येते. हे चालते तीन-चार तास. अंग दुखते, पण पेशी काही आठवड्यांत भरून येतात. खरा धोका वेगळाच आहे. प्रत्यारोपणाआधी रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधांनी नष्ट करतात, आणि त्यानंतर दाता मागे फिरला तर रुग्णाच्या जिवावर बेतते. ज्याला शंका असेल त्याने ती नाव नोंदवतानाच विचारून घ्यावी.

नोंदणीतही कुणी सापडले नाही, तर आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण करतात. आई आणि वडील दोघेही निम्मे जुळतातच. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड दिले की दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावरचा हल्ला बराच आटोक्यात राहतो. कर्करोग पुन्हा उलटण्याची भीती असेल, तेव्हा नोंदणीतल्या दात्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबण्यापेक्षा डॉक्टर अनेकदा हा घरातला दाताच निवडतात.