सुटी, शिदोरी आणि खाणावळ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी बहुतेकांची समजूत असते. आज मी सुटीत कोठे जावे आणि तेथे काय खावे, यावर बोलणार आहे. विषय हलका वाटेल. पण सुटी ही आम्ही झगडून मिळवलेली वस्तू आहे, आणि मिळवलेली वस्तू नीट वापरायला शिकणे हेही चळवळीचेच काम आहे.

सुटी कोणाच्या कृपेने आली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले. रविवारची सुटी पदरात पडायला १८९० साल उजाडले. पगारी रजेची गोष्ट त्याहून अलीकडची. फ्रान्समध्ये १९३६ च्या उन्हाळ्यात संपांची मोठी लाट आली आणि कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. रेल्वेने त्यांच्यासाठी सवलतीचे तिकीट काढले, आणि कितीतरी कामगार कुटुंबांनी त्या वर्षी प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने नियम घातला की वर्षात २४० दिवस काम केलेल्या माणसाला दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा मिळावी. २०२० साली संमत झालेल्या संहितेत ही २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे.

हा झाला कारखान्यातला हिशेब. तो मस्टरवर लिहिलेला असतो. पण घरात चूल सांभाळणारीचे मस्टर कोठे आहे?

सहलीला निघालेले एखादे कुटुंब पाहा. सामानात शेगडी असते, कुकर असतो, डाळ-तांदळाच्या पिशव्या असतात. मुक्कामाच्या खोलीत पोचताच बाई कांदा चिरायला बसते; बाकीची मंडळी देऊळ आणि किल्ला पाहून भूक घेऊन परततात. चार दिवसांनी सगळे घरी येतात आणि म्हणतात, सुटी छान झाली. कोणाची झाली? जिने रोज दोन वेळा रांधले, तिची फक्त चूल बदलली.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे : सुटीत बाहेर जेवणे ही चैन समजू नका. ती घरातल्या रांधणारीची पगारी रजा समजा. खर्च झेपत नसेल तर मुक्काम एक दिवसाने कमी करा, खरेदीला कात्री लावा, साधी खोली घ्या. पण जेवण विकत घ्या. आणि ते घेताना डोळसपणे घ्या, म्हणजे पैसाही वाया जाणार नाही आणि पोटही बिघडणार नाही.

गावाचे काम आणि गावाचे ताट

गाव पाहायचे म्हणजे केवळ देवळे आणि राजवाडे पाहायचे नव्हे. त्या गावाने कोणते काम केले, हे त्याच्या ताटात दिसते.

मुंबईच्या गिरणगावापासून सुरुवात करू. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून गिरणीत लागले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या बायकांनी घातले. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे ताट, पैसे पगार झाल्यावर. ही ती खाणावळ. या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून विझल्या. पण लालबागला आजही मसाल्याची आणि चिवड्याची दुकाने आहेत. मुंबईला जाल तेव्हा चौपाटीबरोबर तो रस्ताही पायी हिंडा.

नागपूरची सावजी खाणावळ अशीच. हलबा-कोष्टी या विणकर समाजाच्या घरातले हे जेवण. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. हातमाग आणि गिरणी यांवर पोसलेल्या वस्त्यांतून सावजी रस्सा शहरभर पसरला. तो जहाल असतो, हे आधीच सांगून ठेवतो. मांस न खाणाऱ्याने पाटोडी रस्सा मागावा : बेसनाच्या वड्या त्याच तिखट रश्श्यात सोडलेल्या. मुलांसाठी रस्सा वेगळ्या वाटीत घ्यावा आणि भाकरी बोटभर बुडवून चव पाहावी. नागपूरला मे महिन्यात जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत हवा बरी असते आणि संत्रीही मिळतात.

कोल्हापूरला तांबडा आणि पांढरा रस्सा सर्वांना ठाऊक आहे. पण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी समोर उभ्या करून धार काढतात आणि लोक तेथेच पेला रिकामा करतात, ते पाहायला विसरू नका. मात्र धारोष्ण दूध लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देऊ नये. त्यांच्यासाठी ते तापवून घ्यावे.

सोलापूरचे तीन दिवस

एकच गाव निवडायचे तर मी सोलापूर सुचवीन. येथे गिरण्यांचे युग १८७७ साली सुरू झाले. मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, कारण विणकर आणि मजूर तिन्ही बाजूंनी आले. मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघावे, सकाळी सोलापूर.

पहिल्या दिवशी किल्ला, सिद्धेश्वराचे तळ्यातले देऊळ, आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे पाहावेत. त्या चौघांत हिंदू होते तसे अब्दुल रसूल कुर्बान हुसेनही होते, हे मुलांना सांगावे. दुपारच्या जेवणात कडक भाकरी मागावी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापून, भाजून, पुढे पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवतात. ती आमटीत कुस्करून खायची. सोबत शेंगाचटणी : भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेले.

दुसरा आणि तिसरा दिवस आसपासच्या गावांसाठी ठेवावा. तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर ही एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतण्याजोगी आहेत. थंडीत गेलात तर शेतात हुरडा मिळेल. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी नावाजलेली आहे. कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, चटणीबरोबर खावीत. येताना सोलापुरी चादर आणि कडक भाकरीचा पुडा घ्यावा. दोन्ही टिकतात.

ऋतू पाहून निघावे

पुष्कळांची निराशा होते ती चुकीच्या महिन्यात गेल्यामुळे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत मालवणला जाऊन ताज्या सुरमईचा हट्ट धरला, तर ताटात बहुधा बर्फातली सुरमई येईल. पावसाळ्यात कोकणात जावे, पण सुके मासे, काळ्या वाटाण्यांची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी यांसाठी. हापूस आणि फणस एप्रिल-मेमध्ये. जळगावकडचे वांग्याचे भरीत थंडीत, कळण्याच्या भाकरीबरोबर. ज्या महिन्यात जे पिकते ते स्वस्त असते आणि ताजेही असते.

शिदोरी कशाची?

बाहेर जेवा म्हटले याचा अर्थ शिदोरी नको असा नव्हे. प्रवासाच्या एका दिवसापुरती ती हवीच. मात्र ती आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी. मुलगा पुऱ्या लाटू शकतो आणि बाप तळू शकतो.

शिदोरीत काय न्यावे याचे शास्त्र साधे आहे. अन्न नासवणाऱ्या जंतूंना पाणी आणि ऊब लागते. पाणी काढून घेतले, किंवा मीठ आणि आंबटपणा वाढवला, की त्यांची वाढ खुंटते. म्हणून कडक भाकरी, सुकी चटणी, चिवडा, लोणचे, गूळ-शेंगदाणे टिकतात. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या दिवसभर चालतात. ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, उसळ आणि बटाट्याची ओलसर भाजी उन्हाच्या डब्यात काही तासांतच बिघडू लागतात. पोळ्या गरम असताना डबा बंद करू नये. आत वाफ धरते आणि तेच पाणी घात करते.

खाणावळ कशी ओळखावी?

परगावी उतरल्यावर दुपारी रिक्षावाले, कंडक्टर आणि कचेरीतले कारकून कोठे जेवतात ते पाहा. ती माणसे रोज जेवतात. एकदा पोट बिघडले तर पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत. जेथे गर्दी आहे तेथे भांडी लवकर रिकामी होतात, अन्न तासन्तास कोमट पडून राहत नाही. पाटीवर चारच पदार्थ असतील तर ते चांगले लक्षण समजा. चाळीस पदार्थ असतील तर त्यांतले पुष्कळसे आधी करून ठेवलेले असणार.

बसण्यापूर्वी विचारावे : ताट भरपेट की मोजके? माशाच्या तुकडीचे आज काय? माशाचा भाव रोज बदलतो, आणि आधी विचारण्यात कमीपणा नाही. जेवण वाफाळते असेल तरच घ्यावे. कापून ठेवलेली फळे आणि कशाचा आहे हे ठाऊक नसलेला बर्फ टाळावा. एवढे करूनही कोणाला जुलाब झाले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे पाजत राहावे. लघवी थांबली, ग्लानी आली किंवा रक्त पडले तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

तिकिटांचे दोन शब्द. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. रजेचा अर्ज त्याच सुमारास द्यावा, म्हणजे रजा आणि गाडी यांची गाठ पडते. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे. त्या वाचलेल्या पैशात एक ताट येते; ते तिच्याच नावावर लिहा.

वाढणाऱ्याची सुटी

आता शेवटचे. घरच्या रांधणारीला आपण सुटी दिली, पण खाणावळीत कोणीतरी रांधतेच आहे. आपल्या सुटीचा दिवस हा त्यांच्या सर्वांत जड कामाचा दिवस असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेल कामगारांना आठवड्याची सुटी आणि वर्षाला ८ सणांच्या पगारी सुट्या दिल्या. पण लहान खाणावळी त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. तेव्हा आपल्या हाती जे आहे ते करावे. वाढणाऱ्याला 'अरे पोऱ्या' म्हणून हाक मारू नये. बंद व्हायच्या वेळेला दहा माणसे घेऊन शिरू नये. बाईच्या खाणावळीत दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. तिच्या ताटाच्या किमतीत तिचे श्रमही आहेत, आणि घरी आपण ते कधी मोजले नाहीत म्हणून येथेही मोजू नयेत असे नाही. वाढणारा लहान मूल दिसला तर तेथून उठावे आणि १०९८ या क्रमांकावर कळवावे.

आठवड्याची सुटी हवी म्हणून लोखंड्यांना सहा वर्षे झगडावे लागले. आपल्या घरातली मागणी करणारी माणसे सभा घेत नाहीत, अर्जही करत नाहीत. त्यांची रजा आपण होऊन मंजूर करावी. या उन्हाळ्यात निघाल तेव्हा शेगडी घरीच ठेवा.