बांध कोरला? चला पंचांपुढे!

नोव्हेंबर सरत आला की इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावचे पंच शिवारात उतरतात. यंदाही उतरतील. गहू नुकताच पेरलेल्या शेताच्या कडेने हिंडायचं, कुणाचा नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवताच्या पट्ट्यात घुसलाय का ते पाहायचं आणि घुसला असेल तिथे खुंटी ठोकायची. पुढे गावचं न्यायालय बसतं आणि दंड ठरवतं. दंड किरकोळच, पण शेजाऱ्यांनीच बसवलेला. बांध कोरल्याच्या दाव्यात दोन-दोन पिढ्या घालवणाऱ्या आपल्या लोकांना हेवाच वाटावा! 1977 मध्ये ब्रिटिश संसदेने अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हाही लॅक्स्टनला वगळलं.

तीन मोठी शेतं. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी बदलते. प्रत्येक शेतात अनेकांचे पट्टे, मध्ये कुंपण नाही. 1635 च्या नकाशात, जो आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, असे दोन हजारांहून जास्त पट्टे दिसतात. आज ते दीडशेच्या आसपास उरलेत. बाकी इंग्लंडमधली अशी बरीचशी शेतं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायदे करकरून कुंपणात गेली. लॅक्स्टन वाचलं ते तत्त्वनिष्ठेने नव्हे. बड्या जमीनदारांचं आपसांत जमेना म्हणून.

अशी सामाईक व्यवस्था टिकूच शकत नाही, असं मानणारेही होते. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं की सामाईक कुरणात जो तो आपलं एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरणच संपतं. धोरण आखणाऱ्यांनी हे वेदवाक्य मानलं. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे पाट, जपानची गावरानं यांचे दाखले तपासले. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखणदार त्यांच्यातलाच आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी, असं असेल तर सामाईक मालमत्ता शतकानुशतकं टिकते, हे त्यांनी दाखवलं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्डिन यांचं कुरण कल्पनेतलं होतं. खुंट्या ठोकणारे पंच त्यात नव्हतेच.

तरी लॅक्स्टनचं फार कौतुक नको. इथले शेतकरी बहुतांशी कुळं आहेत. 1952 मध्ये सरकारने गाव विकत घेतलं, 1981 मध्ये ते ब्रिटिश राजसंपदेकडे (क्राउन इस्टेट) गेलं आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटला विकलं गेलं, म्हणजे ज्या घराण्याने 1952 मध्ये विकलं त्याच्याच इस्टेटीकडे. नांगर कुठवर न्यायचा हे पंच ठरवतात. गाव कुणाला विकायचं, हे ठरवताना पंचांची सही लागत नाही.