सत्तर खुणांचा निरोप

सीताफळ तोडले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते. मग ते कुणासाठी थांबत नाही. पुरंदर भागातील एका शेतकरी गटाने पुण्याच्या एका वसाहतीत थेट विक्री करण्याचे ठरविले. तेथील कुटुंबांनी आपणहून फोन नंबर दिले होते. मोबाईलवर पाठवावयाचा निरोप लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी सुरुवात केली, ‘सप्रेम नमस्कार. आमच्या गटाच्या वतीने कळविण्यास आनंद होतो की...’ भाव अगदी शेवटी आला, आणि वेळ लिहावयाची राहूनच गेली. टेम्पो पोहोचला तेव्हा मंडळी बाजार करून घरी परतली होती. निम्मे क्रेट तसेच माघारी आले. दोष फळाचा नव्हता, माझ्या लेखणीचा होता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, साध्या एसएमएसचे माप ठरलेले असते. इंग्रजी लिपीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात. मराठीत फक्त ७०. शिवाय फोन आपल्यासारखी अक्षरे मोजीत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मोकळी जागा, प्रत्येकाची एक खूण धरतो. ‘सीताफळ’ आपल्याला चार अक्षरी दिसते. फोनच्या हिशेबी त्या सहा खुणा होतात. सत्तरच्या पुढे गेलात, की एकाचे दोन संदेश धरले जातात. म्हणजे मजकूर जोखून मापूनच लिहावा.

पुढच्या शुक्रवारी आम्ही असे लिहिले:

‘सीताफळ आजची तोडणी. किलो ८० रु. शनिवारी सकाळी ८, मुख्य गेट. तात्या’

एकूण ६५ खुणा. माल कोणता, केव्हाचा, भाव काय, कधी व कोठे मिळणार आणि देणारा कोण, सर्व आले. ‘अत्युत्तम’, ‘सुवर्णसंधी’ असले शब्द गाळले. आजची तोडणी म्हटले, की गृहिणीला काय ते समजते. मात्र जे लिहाल ते खरे असावे. एकदा शिळा माल ताजा म्हणून दिलात, तर पुढचा निरोप कोणी उघडूनही पाहणार नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्याने नंबर दिला त्यालाच निरोप धाडावा, तोही रात्री-अपरात्री नको. कोणी ‘नको’ म्हटले, तर त्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे. नको असलेल्या जाहिराती बंद करण्यासाठी ग्राहकाला १९०९ हा क्रमांक आहे. आणि मोठ्या प्रमाणावर जाहिरातीचे संदेश पाठवावयाचे, तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी करावी लागते.

निरोप पाठविण्यापूर्वी घरातील एकाला वाचून दाखवा. ‘कधी यायचं? कुठं यायचं?’ असे त्याने विचारले, तर तो पुन्हा लिहा. त्या शनिवारी टेम्पो रिकामा परतला. फळ तेच होते, गिऱ्हाईकही तेच.