सरासरीचं शेत आणि आपलं शेत

मागचं व्याख्यान संपल्यावर इथल्याच एका शेतकरी मित्राने उभं राहून विचारलं होतं, "सर, माझं सोयाबीन पार गेलं अन् विम्याच्या कागदावर मात्र नुकसानच नाही. हे कसं काय?" त्या दिवशी वेळ संपली होती म्हणून उत्तर राहून गेलं. आज त्या एकाच प्रश्नावर बोलू. त्यात अर्थशास्त्र आहे, सांख्यिकी आहे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तिन्हीची ओळख एकाच वेळी होईल.

आधी अर्थशास्त्र. विमा कंपनीने प्रत्येक शेत वेगळं का मोजू नये? दोन अडचणी आहेत. एक म्हणजे खर्च. एका तालुक्यात हजारो शेतं, आणि काढणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात. दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. आपल्याच शेताच्या नुकसानीवर पैसे मिळणार असतील, तर खुरपणी-फवारणीला हात आखडता घेण्याचा मोह होतो. म्हणून गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी 1970 च्या दशकात 'क्षेत्र' धरून विम्याची मांडणी केली. सारख्या हवामानाचा, सारख्या जमिनीचा टापू घ्यायचा, त्याची सरासरी काढायची आणि ती घसरली तर टापूतल्या सगळ्यांना सारख्या दराने भरपाई द्यायची. 1985 ची सर्वंकष पीक विमा योजना आणि 2016 ची पंतप्रधान पीक विमा योजना याच पायावर उभ्या आहेत. आपल्याकडे हा टापू म्हणजे महसूल मंडळ.

आता हिशोब पाहू. आकडे समजण्यापुरते, आम्हीच घेतलेले. समजा, एका मंडळात मागच्या सात वर्षांत सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन 14, 12, 6, 15, 13, 8 आणि 11 क्विंटल होतं. त्यातली चांगली पाच वर्षं धरायची. बेरीज 65, सरासरी 13. जोखीमस्तर 70 टक्के असेल तर उंबरठा झाला 9.1 क्विंटल. यंदा मंडळाचं उत्पादन 10 भरलं तर कोणालाच काही नाही. 7 भरलं तर तूट 2.1 क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या 23 टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50 हजार असेल तर हाती साधारण साडेअकरा हजार.

आपल्या मित्राच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथंच आहे. पैनगंगेच्या काठचं काळं रान पाण्याखाली जातं आणि त्याच मंडळातलं माळावरचं, निचऱ्याचं रान तगून राहतं. सरासरी या दोघांची मिळून निघते. ती खोटी नसते, पण ती कोणा एकाचं शेतही नसते. दांडेकरांची अट होती 'सारखा टापू'. मंडळ ही महसुलाच्या सोयीने आखलेली हद्द आहे. पाणी काही ती हद्द पाहून पसरत नाही.

पुढचा प्रश्न सांख्यिकीचा. मंडळाची सरासरी कळते कशी? पीक कापणी प्रयोगांतून. या पद्धतीमागे एक मराठी माणूस आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1940 च्या दशकात त्यांनी देशभर यादृच्छिक नमुन्यांवर पीक मोजण्याची पद्धत बसवली. यादृच्छिक म्हणजे 'कसंही' नव्हे. चिठ्ठी टाकावी तसं शेत निवडायचं आणि त्या शेतातली जागाही तशीच निवडायची, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनाला वाव राहत नाही. रस्त्यालगतचं रान सोयीचं म्हणून घेतलं, की नमुना बिघडला.

तुकडा किती मोठा असावा, यावर सुखात्मे आणि कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की छोट्या तुकड्यात काठावरची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. हिशोब करून बघा. एक मीटर चौरसाला काठ 4 मीटर. दहा बाय पाच मीटरच्या तुकड्याचं क्षेत्र 50 चौरस मीटर, काठ 30 मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे फक्त 0.6 मीटर. काठ कमी, तशी काठावरची चूकही कमी.

हा पन्नास चौरस मीटरचा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथला एक किलो म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल. आता मघाच्याच मंडळात प्रत्येक प्रयोगात अर्धा किलो जास्त भरला असं समजू. काठावरची झाडं धरली, किंवा शेंगा ओल्या होत्या आणि ओलाव्याची वजावट नीट झाली नाही. सरासरी 7 ची 8 झाली. तूट 23 टक्क्यांवरून 12 वर आली. साडेअकरा हजारांचे सहा हजार झाले, आणि तेही मंडळातल्या प्रत्येकाचे.

इथं एक भेद पक्का करून घेऊ. चुका दोन जातीच्या असतात. एक इकडे-तिकडे होणारी. ती प्रयोग वाढवले की आपोआप कमी होते. दुसरी एकाच बाजूला ओढणारी, काटाच चुकीचा असावा तशी. चुकीच्या काट्यावर दहा वेळा तोला नाहीतर हजार वेळा, ती तशीच राहते. उलट आकडे एकमेकांशी जुळत गेल्यामुळे आपला त्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. पुष्कळांना वाटतं, उपग्रह आला म्हणजे माणसाची लबाडी संपली. 2023 च्या खरिपापासून केंद्राने भात आणि गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान 30 टक्के भार दिला. हे चालतं कसं? सेंटिनेल-2 सारखा उपग्रह दहा मीटरच्या चौकोनातून परतणारा लाल आणि अवरक्त प्रकाश मोजतो. त्यावरून हिरवेपणाचा निर्देशांक निघतो. संगणकाला हजारो जोड्या दाखवतात, 'असा हिरवेपणा होता तेव्हा इतकं उत्पादन भरलं', आणि तो त्यातला संबंध शिकतो. पण यातलं 'इतकं उत्पादन' आलं कुठून? कापणी प्रयोगातूनच! म्हणजे गुरु तोच, जुना तराजू. तराजू एका बाजूला झुकलेला असेल तर यंत्र तो झुकावही इमानदारीने शिकतं.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून न्यायशास्त्रातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. धुराला ओलं सरपण लागतं. या दडलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. हिरवेपणावरून उत्पादन ओळखण्यातही अशी उपाधी आहे: शेंगा भरल्या पाहिजेत आणि काढणीपर्यंत टिकल्या पाहिजेत. ऑगस्टात रान हिरवंगार दिसलं आणि सप्टेंबरच्या पावसात शेंगांतच मोड फुटले, तर हिरवेपणा साक्ष देईल कशाची? त्यात खरिपात ढग. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, पण सोयाबीनच्या ओळींत तुरीचं आंतरपीक असलं तर दहा मीटरच्या चौकोनात दोन्ही मिसळून जातात.

म्हणून यंत्र टाकाऊ आहे का? मुळीच नाही. एखाद्या गावाचा कापणीचा आकडा आजूबाजूच्या चित्राशी अजिबात जुळत नसेल, तर तिथं पुन्हा जाऊन बघा, हे यंत्र फार चांगलं सांगू शकतं. त्याला साक्षीदार करावं, न्यायाधीश करू नये.

हे सगळं आज सांगण्याला कारण आहे. 2025 च्या खरिपापासून राज्यात विम्याची भरपाई कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावरच ठेवली गेली, आणि त्याच हंगामात मराठवाड्याने अतिवृष्टी पाहिली. म्हणजे सगळा भार त्या पन्नास चौरस मीटरवर आला. तेव्हा गावात प्रयोग असेल त्या दिवशी चार जणांनी बांधावर जाऊन उभं राहावं. गट नंबर कसा निवडला ते विचारावं. दोरी दहा बाय पाचच आहे ना, काठावरचं झाड आत धरलं की बाहेर, वजन किती भरलं, ओलावा किती धरला, हे वहीत लिहून घ्यावं. भांडायला नव्हे, साक्षीला.

तो मित्र आजही समोर बसलेला दिसतो आहे. त्याच्या शेतापुरतं उत्तर सरासरीकडे नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण मंडळाची सरासरी तरी खरी निघावी, एवढं आपल्या हातात आहे. आता प्रश्न विचारा.