टाके घालण्याआधी

सेनगाव तालुक्यातलं साखरा असो की लंडनचं मोठं रुग्णालय, बाळ आणि वार बाहेर आल्यावर सिस्टरला एक गोष्ट पाहावीच लागते. योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधला भाग कुठे, किती फाटलाय?

नुसती कातडी किंवा योनीचं अस्तर फाटलं तर पहिली श्रेणी, खालचे स्नायूही फाटले तर दुसरी. गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूला इजा झाली की तिसरी. तिचे तीन प्रकार: बाहेरचा स्नायू निम्म्याहून कमी फाटलेला, निम्म्याहून जास्त, किंवा आतलाही फाटलेला. गुदद्वाराचं आतलं अस्तरही फाटलं तर चौथी.

नुसत्या डोळ्यांवर विसंबणं धोक्याचं, कारण वरून लहान दिसणारी जखम आत खोल असू शकते. म्हणून भरपूर उजेडात, बाळंतिणीला आधी समजावून आणि तिची परवानगी घेऊन, हातमोजा घातलेलं बोट गुदद्वारात घालून स्नायू चाचपतात. ही तपासणी राहून गेली आणि स्नायूची इजा लक्षात आली नाही, तर पुढे शौच रोखता न येण्याचा त्रास होऊ शकतो, आणि कित्येक बायका तो लाजेपोटी कुणाला सांगतही नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे टाके भूल देऊन, शस्त्रक्रियागृहात, अनुभवी डॉक्टरांनीच घालायचे. खेड्यात अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायला उशीर नको.