सांगोल्याचं ‘हाटील’: रविवारी सकाळी बाजारात काय खायचं?

वीकेंडच्या खाऊगिरीच्या आजच्या भागात आपण चाललोय सांगोल्याला. हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो अशांसाठी हे लिहून काढलेलं.

सांगोला म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येतं, ते मला माहितीय. जून २०२२. तेव्हाचे इथले आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर म्हणाले, “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!” आणि अख्ख्या महाराष्ट्राचं स्टेटस तेच झालं. मजा म्हणजे बापू ज्या हाटिलाबद्दल बोलत होते ते पंचतारांकित होतं. सांगोल्यात मात्र ‘हाटील’ म्हणजे चहा-भज्याचं दुकान. बाहेर बाकडं, दारात कढई, काचेच्या कपाटात शेव आणि जिलेबी. राहायची जागा म्हणजे लॉज, पोटभर जेवायची जागा म्हणजे खानावळ. हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा, पुढं उपयोग होईल.

आता मुद्द्याचं. पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी मॅप उघडतात, चार स्टारच्या वर काय आहे ते बघतात, दुपारी दोनला पोचतात, पनीर मसाला मागवतात आणि म्हणतात, “इथं खास काही नाही.” चूक जागेची नसते, वेळेची असते. सांगोला हे बाजाराचं गाव आहे. इथलं खाणं बाजाराचा वार आणि शेतातला हंगाम बघून चालतं. ते मॅपवर दिसत नाही.

तर वार आहे रविवार. त्या दिवशी इथं जनावरांचा मोठा बाजार भरतो. हा माणदेशाचा भाग, खिलार बैलांचा मुलूख. शेजारच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढ्यांचीही या भागात मोठी चर्चा असते. जनावरांचा बाजार पहाटेपासून रंगतो आणि उन्हं चढली की ओसरायला लागतो. माणसं रात्रीच गाडीत जनावरं भरून निघालेली असतात. सकाळी त्यांना काय लागतं? गरम, तिखट, पटकन मिळणारं आणि परवडणारं. म्हणून भजी, मिसळ, वडा आणि कडक गोड चहा. आणि सौदा झाल्यावर घरी पोरांसाठी न्यायला गोडीशेव, जिलेबी, भत्ता. गोडीशेव म्हणजे जाड शेवेला गुळाच्या पाकात घोळवलेलं. वाण्याच्या बरणीत ती आठवडाभर असते, पण ताजी खायची तर बाजारातच.

म्हणून माझा पहिला सल्ला: सकाळी आठच्या आत बाजारात या. ‘बेस्ट काय आहे?’ असं विचारू नका. “काका, आत्ता कढईतून काय निघतंय?” असं विचारा. उत्तर आपोआप बरोबर मिळतं.

दुसरी गोष्ट बाजार आमटी. सोलापूर जिल्ह्यातल्या आठवडा बाजारांनी दिलेला हा पदार्थ. करमाळ्याकडं त्याचं नाव मोठं. दोन-चार डाळी एकत्र शिजवायच्या, त्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला. आमटी पातळ, वर तेलाचा लाल तवंग. पातळ का? कारण ती भातावर घ्यायची नसून भाकरी कुस्करून खायची असते. एका मोठ्या पातेल्यात खूप माणसांचं भागतं आणि शाकाहारी माणसालाही रश्श्याचा झणका मिळतो. खानावळीत पाटीवर नाव नसेल तर “बाजार आमटी हाय का मावशी?” असं विचारून बघा.

आता भाकरी. हा पाऊस कमी पडणारा तालुका. परतीच्या पावसावर पेरलेली रब्बी ज्वारी हे इथलं मुख्य धान्य. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि महाराष्ट्रभर खाल्ली जाणारी मालदांडी ३५-१ ही जात याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळं पीठ लाटता येत नाही. गरम पाण्यानं मळून हातावर किंवा परातीत थापावं लागतं. म्हणून खानावळीत थापण्याचा आवाज येतो का, ते बघा. आवाज येत असेल तर बसा. दहा मिनिटं थांबावं लागलं तरी कुरकुर करू नका.

हीच भाकरी पातळ थापून निखाऱ्यावर पूर्ण वाळवली की कडक भाकरी. पाणी उरत नाही म्हणून बुरशी लागत नाही आणि ती कित्येक दिवस टिकते. वाटेवरच्या माणसाचा डबाच म्हणा. सोबत शेंगाचटणी: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, उखळात कुटलेलं. कुटल्यावर दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर होते. मिक्सरमध्ये नुसता कूट होतो. विकत घेताना चिमूटभर बोटात दाबा. बोटाला तेल लागलं तर घ्या.

मटण खाणाऱ्यांसाठी: रविवारी दुपारी खानावळीत आधी अळणी मागा, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा. मटण ताजं आहे की नाही, ते अळणीत लपत नाही. मग सुक्कं, मग तिखट रस्सा. पंढरपूर इथून साधारण तीस किलोमीटरवर आहे, त्यामुळं एकादशी आणि श्रावण बघूनच बेत ठरवा.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरडा. ज्वारीचं कणीस दुधात असताना आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं आणि शेंगाचटणीबरोबर खायचं. फळात डाळिंब तर हवंच. कमी पाण्यात तगणाऱ्या या फळानं तालुक्याचं नशीब पालटलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला.

हे सगळं एवढं फोडून का सांगतोय? कारण हे खाणं एकटं उभं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आजारामुळं राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद करावे लागले. जनावर नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे कढई तापत नाही. हातगाडीवाल्याचा आठवडा त्या एका दिवसावर चालतो. आणि आपण येऊन सगळीकडं पनीर आणि मंचुरियनच मागत राहिलो, तर खानावळवाला तेच ठेवणार. त्याचं काय चुकलं? हुलग्याचं माडगं, शेंगोळ्या हे पदार्थ पाटीवरून असेच गेले. घरात आहेत, विकायला क्वचित. म्हणून दोनच गोष्टी करा: भाकरी मागा, आणि पाटीवर नसलेलं एक तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला मिळायची शक्यता वाढते.

जाताना सुट्टे पैसे ठेवा, फोटो काढण्याआधी विचारा, आणि बाजारात बैलाच्या मागं उभं राहून रील करू नका, लाथ खाल!

तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो आणि तिथं पहिल्यांदा काय संपतं? आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागाचं गाव त्यातूनच निवडतो. भेटूया!